धुक्यात गेलेले पाय

गेल्या महिन्यात एक पाकीट आलं. आत जाड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये चिकटपट्टी लावून बंद केलेलं एक कार्ड, परतीचा पत्ता लिहिलेलं दुसरं पाकीट आणि चार ओळींची चिठ्ठी. फँटसी खेळांच्या कार्डांवर चित्रं काढणाऱ्या माझ्यासारख्यांना अशी पाकिटं अधूनमधून येतात. लोक जुनी कार्डं पाठवतात, आपण सही करून परत पाठवायची. पाच मिनिटांचं काम. हे कार्ड मात्र माझं पहिलं होतं.

६३ बाय ८८ मिलिमीटर. कोपरे झिजून पांढरे पडलेले, मधोमध एक बारीक सुरकुती. म्हणजे कुणी अल्बममध्ये जपून ठेवलेलं नाही, चांगलं खेळलेलं कार्ड. चित्रात पुलाचा राखणदार. हातात भाला, खांद्यावर ओली घोंगडी, मागे डोंगर, आणि कमरेखाली नुसतं धुकं. चिठ्ठीत लिहिलं होतं : "नमस्कार मॅडम. लहानपणी या कार्डावरून माझं आणि धाकट्या भावाचं फार भांडण व्हायचं. तो म्हणायचा, हा माणूस उडतोय. मी म्हणायचो, पुलावर उभा आहे. आता तुम्हीच सांगा, याचे पाय कुठे आहेत?"

आधी हसू आलं. मग कान गरम झाले.

हे खेळ न खेळणाऱ्यांसाठी थोडं सांगायला हवं. अशा बऱ्याच खेळांत काही पात्रांना उडता येतं, काहींना येत नाही, आणि उडणाऱ्याला अडवायला सहसा उडणाराच लागतो. समोरच्याने टेबलावर कार्ड टाकलं की खेळाडूची नजर आधी चित्रावर जाते, नियमाच्या बारीक अक्षरांवर नंतर. पंख आहेत का? पाय जमिनीला टेकलेत का? चित्राने चुकीचं सांगितलं तर हातचा डाव जातो. म्हणून आम्हाला जे मागणीपत्र मिळतं, ज्याला आम्ही ब्रीफ म्हणतो, त्यात अशा गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असतात. माझ्या त्या पहिल्या ब्रीफमध्येही होत्या. दगडी पूल. पहाट. राखणदार, पन्नाशीचा, रात्रभर जागा. उडत नाही. पूल ठळक दिसायला हवा.

मी पूल काढला नाही. म्हणजे आहे तो, धुक्याखाली.

चिठ्ठी बाजूला ठेवली आणि कपाटाच्या तळातली जुनी फाइल काढली. पहिल्या तीन वर्षांतली, माणूस किंवा माणसासारखं काही असलेली चित्रं मोजली. एकेचाळीस. त्यांतल्या सहा चित्रांत पाय दिसतात. त्या सहांपैकी चौघांच्या पायांत बूट आहेत, आणि ते बूट समोरून पाहिलेल्या कुंड्यांसारखे आहेत. उरलेल्या पस्तीस जणांचे पाय कुठे ना कुठे गेलेत : धुक्यात, गवतात, बर्फात, ज्वाळांत, दगडामागे, एकाचे तर चक्क मेलेल्या लांडग्यामागे. हातांची तीच गत. एक हात झग्यात, दुसरा ढालीमागे. झाकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण मी इतकी शब्दशः पाळली असेल असं वाटलं नव्हतं.

तेव्हा मी याला शैली म्हणायचे. फ्रँक फ्रॅझेटा या अमेरिकन फँटसी चित्रकाराची चित्रं पाहून माझ्या पिढीतले कितीतरी जण या धंद्यात आले. मधली आकृती पिळदार, जिवंत, अंगावर येणारी, आणि भोवतालचं सगळं दोनचार फटक्यांत सोडून दिलेलं. मी त्यांच्याकडून सोडून देणं तेवढं उचललं. ते कुठे आणि का सोडत होते, आणि जे सोडलं त्याच्या आत काय आहे हे त्यांना किती पक्कं ठाऊक होतं, हे कळायला मला दहा वर्षं लागली. राखणदाराच्या कच्च्या रेखाटनावर कला-दिग्दर्शकाने एका शब्दाचा शेरा मारला होता : "पाय?" मी उत्तर पाठवलं की वातावरणनिर्मितीसाठी धुकं ठेवलं आहे. वातावरणनिर्मिती हा शब्द मी त्या काळात फार वापरायचे. मुदत जवळ आली होती, त्यांच्याकडे त्या आठवड्यात अशी पन्नासेक चित्रं असणार, धुकं खपून गेलं.

माझ्यासारखीला काम मिळालं याचं कारणही सांगते. १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायचा खेळ आला तेव्हापासून अशा खेळांना चित्रं लागतच होती, पण नियमांच्या पुस्तकाला मुखपृष्ठ लागतं एक आणि आत रेखाटनं वीस-तीस. १९९३ मध्ये 'मॅजिक : द गॅदरिंग' हा कार्डांचा खेळ आला आणि हिशेबच बदलला. पहिल्याच संचात जवळपास तीनशे कार्डं आणि ती रंगवायला पंचवीस चित्रकार. ते चालल्यावर तसल्या खेळांची रांग लागली, प्रत्येकाला शेकड्यांनी चित्रं हवी होती. नामांकित मंडळी पुरणार कुठून? मग पाय न येणाऱ्यांनाही बोलावणं आलं.

दुसऱ्या वर्षी मला किल्ल्याच्या वेढ्याचं काम मिळालं आणि मी ठरवलं की आता दाखवूनच द्यायचं. २४ बाय १८ इंचांचा हार्डबोर्ड घेतला, जेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या लेपाचे, चार थर दिले, प्रत्येक थर घासून गुळगुळीत केला. त्यावर दोनशे सैनिक. (पाय तटबंदीच्या सावलीत. अर्थात.) प्रत्येकाच्या ढालीवर वेगळं चिन्ह : कुणाची घार, कुणाचा मासा, कुणाचं तुटलेलं चाक. भिंगाखाली, तीन केसांच्या कुंचल्याने. पाच आठवडे त्याच्यासमोर बसले होते. छापून आलेलं कार्ड हातात घेतलं तेव्हा मला वाटलं की छपाईत काहीतरी बिघडलंय. कुणी काठी घालून वारूळ विस्कटावं तसं काहीतरी तपकिरी दिसत होतं.

छपाई उत्तम होती. बिघडला होता माझा हिशेब. कार्डावर चित्राची चौकट असते जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद. २४ इंच म्हणजे ६१ सेंटिमीटर, म्हणजे चित्र बारा पटींनी आक्रसलं. माझा अडीच सेंटिमीटरांचा सैनिक दोन मिलिमीटरांचा झाला. त्याच्या ढालीवरची घार छपाईच्या एका ठिपक्यात मावली असेल. शिवाय कागदावर शाईचा ठिपका थोडा पसरतोच, त्यामुळे अंधाऱ्या भागातले एकमेकांना जवळचे रंग मिसळून काजळी होते. मी नेमका सगळा बारकावा सावलीत भरला होता.

त्या दिवशी काळ्या पुठ्ठ्याला पाच बाय चार सेंटिमीटरची एक खिडकी कापली. ती अजून टेबलावर आहे, कडांना रंग लागून लागून जाड झाली आहे. कुठलंही काम सुरू करताना त्या खिडकीच्या मापाच्या वीसेक चौकटी कागदावर आखायच्या आणि चित्र आधी तिथे काढायचं, काळा, करडा, पांढरा एवढ्या तीनच छटांत. तिथे ओळखू आलं तर मोठं करायचं. नाही आलं तर मोठं करून काही उपयोग नसतो, हे मला पाच आठवडे खर्चून कळलं होतं.

माझ्या दिवसाचं वेळापत्रक विचारलं तर लोकांना काहीतरी शिस्तीचं, पहाटे उठण्याचं ऐकायचं असतं. मी पहाटे उठत नाही. आणि वेळापत्रक म्हणून जे काही आहे ते कधी बसून आखलेलं नाही; ज्या ज्या ठिकाणी तोंडघशी पडले त्या त्या ठिकाणी एकेक सवय उगवली. काळी खिडकी त्यातलीच.

सकाळचा पहिला अर्धा तास पायांचा. हो, अजूनही. जमिनीवर भिंतीला टेकवून एक आरसा ठेवला आहे, त्यासमोर अनवाणी उभं राहायचं आणि काढायचं. स्वस्तातला कागद, कोळसा, एका रेखाटनाला दोन मिनिटं. मेल उघडायच्या आधी, कारण मेल उघडली की डोकं दुसऱ्याचं होतं. पायांचं अवघड काय ते सांगते. बोटं मोजणं अवघड नाही. वजन अवघड आहे. माणूस एका पायावर भार देतो तेव्हा त्या पायाचा तळवा पसरतो, बाहेरची कड जमिनीला चिकटते, घोट्याच्या आतला हाडाचा उंचवटा बाहेरच्यापेक्षा वर असतो, आणि मोकळ्या पायाची टाच जराशी सैल होते. हे नसेल तर माणूस जमिनीवर चिकटवल्यासारखा दिसतो. किंवा उडताना. धाकटा भाऊ बरोबर होता.

तेवढं झालं की कालचं चित्र बघायचं. रात्री काम थांबवताना मी बोर्ड भिंतीकडे तोंड करून ठेवते. सारखं बघत राहिलं की डोळा चुकांना सरावतो, आणि सकाळी त्या परत दिसायच्या तर रात्रभर चित्र नजरेआड हवं. सकाळीही सरळ बघत नाही, पाठमोरी उभी राहून हातातल्या आरशात बघते. उलटं झालेलं चित्र परक्या माणसाने काढल्यासारखं दिसतं आणि परक्याच्या चुका आपल्याला लगेच दिसतात. तिरका चेहरा, एक खांदा लांब, डोळे वेगवेगळ्या उंचीवर. पडद्यावर काम करणारे हेच एक कळ दाबून करतात. मला आरसा बरा वाटतो, त्यासाठी खुर्चीतून उठावं लागतं.

मग अवघड कामं आधी. चेहरा, हात, जिथे उजेड आणि सावली भेटतात ती कड. दुपारपर्यंत गप्प खोलीत. रचना करताना माझ्या कानांवर शब्द पडलेले चालत नाहीत, आकार शब्दांमागे पळायला लागतात. दुपारनंतर मात्र दगड, पानं, लोकर, साखळीचं चिलखत असलं काम असतं, तेव्हा काहीही लावते : गाणी, गप्पा, कुणाची तरी तीन तासांची मुलाखत.

साखळीच्या चिलखतावर जरा थांबते, कारण नवीन मुलं हमखास याच्यात अडकतात आणि मीही अडकले होते. एका चिलखतात हजारो कड्या असतात. पहिल्यांदा मी त्या एकेक काढत गेले, खांद्यापासून सुरुवात करून. कोपरापर्यंत पोचले तेव्हा चौथा दिवस होता आणि चिलखत विणलेल्या स्वेटरसारखं दिसत होतं. खऱ्या साखळीकडे नीट पाहिलं तर उजेडात कड्या चमकून एकमेकींत विरघळतात आणि सावलीत बुडतात. मोजता येतात त्या फक्त मधल्या पट्ट्यात, जिथे उजेड उतरत असतो. आता मी आधी अख्खी बाही एखाद्या जड, ओल्या कापडासारखी रंगवते, ते कापड कोपरात आणि काखेत कसं गोळा होतं ते बघते, आणि मग त्या मधल्या पट्ट्यात पन्नास-साठ कड्या टाकते. बाकीच्या बघणाऱ्याचा डोळा स्वतः काढून घेतो. दोन तासांचं काम. त्या चार दिवसांची आठवण झाली की अजून मान दुखते.

ड्रॅगनचंही असंच. माझ्या सुरुवातीच्या ड्रॅगनांचे पंख पाठीला डकवलेले आहेत, खुंटीला अडकवलेल्या ओल्या कपड्यांसारखे. चार पाय आणि वर दोन पंख असा सहा अवयवांचा पाठीचा कणा असलेला प्राणी जगात नाही, त्यामुळे नक्कल करायला कुणी नाही. मी पंख ही शोभेची वस्तू धरून चालले होते. मग वटवाघळाच्या सांगाड्याचं चित्र हाती लागलं आणि लख्ख उजाडलं. वटवाघळाचा पंख म्हणजे हातच असतो. खांदा, कोपर, मनगट आणि चार लांबलचक बोटं, त्यांच्यावर ताणलेली कातडी. अंगठा वर मोकळा, आकड्यासारखा. टेरोसॉर, म्हणजे डायनोसॉरच्या काळातले उडणारे सरपटणारे प्राणी, यांचा प्रकार निराळा, त्यांचा पंख एकट्या चौथ्या बोटावर तोललेला असायचा. दोन्ही काढून पाहिले, वटवाघूळ पसंत पडलं. पण हात म्हटलं की खांदा आला, खांदा आला की छातीचे स्नायू आले, आणि पुढचे पाय त्याच्या खाली सरकवावे लागले. तारेचा सांगाडा, त्यावर माती आणि पंखांना पांढरी प्लास्टिकची पिशवी असं एक बाहुलं केलं. त्याच्यामागे दिवा धरला. बोटांची हाडं काळी, मधली कातडी नारिंगी पेटलेली, आणि जिथे पिशवीला दुहेरी घडी पडली होती तिथे गढूळ लालसर. हे मला डोक्यातून कधी काढता आलं नसतं. ते बाहुलं अजून आहे, पिशवी तीनदा बदलली.

रंगांच्या बाबतीत सगळ्यात मोठी फजिती एका चेटकिणीच्या लाल झग्याने केली. तेव्हा मूळ चित्रच कुरिअरने पाठवावं लागायचं. तैलरंग सगळे एका गतीने वाळत नाहीत. अंबरसारखे मातीचे रंग दोन दिवसांत हाताला लागेनासे होतात, त्यांच्यात मँगनीज असतं म्हणून. कॅडमियम लाल आणि टिटॅनियम पांढरा आठवडा-आठवडा ओले राहतात, जाड लावले तर त्याहून जास्त. हे मी वाचलं होतं. पण शेवटच्या रात्री झगा फिका वाटला आणि मी त्यावर कॅडमियमचा भरघोस हात मारला. सकाळी बोटाने हळूच दाबून पाहिलं, वाळल्यासारखं वाटलं, बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाठवून दिलं. तिकडे पाकीट उघडलं तेव्हा अख्ख्या झग्यावर गोल गोल ठसे उठले होते. परत पाठवून दुरुस्त करायला वेळ नव्हता. तसंच छापलं. आजवर दोघातिघांनी त्या झग्याच्या नक्षीचं कौतुक केलं आहे आणि मी त्यांना काही सांगितलेलं नाही.

त्यानंतर भिंतीवर वाळण्याचं कॅलेंडर आलं. मुदतीपासून उलट मोजायचं : लाल आणि पांढरा दहा दिवस आधी बंद, अगदी लागलाच तर लवकर वाळणारा अल्किड पांढरा, शेवटचे दोन दिवस फक्त गडद, पातळ रंग. खरं तर आता याची गरज उरलेली नाही. चित्र घरीच स्कॅन करून पाठवते, पाकीट कुठेच जात नाही. कॅलेंडर मात्र राहिलं, कारण त्याच्यामुळे शेवटच्या रात्री चित्रात ढवळाढवळ करायची सोय राहत नाही, आणि माझ्या हातून सगळ्यात वाईट निर्णय शेवटच्या रात्रीच होतात.

मध्ये सहा वर्षं मी पूर्णपणे संगणकावर गेले होते. फोटोशॉपमध्ये १९९४ साली लेयर, म्हणजे चित्राचे सुटे सुटे थर, आले तेव्हापासून ओळखीचे एकेक जण तिकडे सरकत होते, मी उशिरा गेले. पूर्ववत करण्याची कळ मिळाली आणि मी माझ्या जुन्या दोषांची आणखी मोठी वसाहत उभी केली. धुक्यासाठी तयार ब्रश असतो तिथे! एका फटक्यात अख्खी दरी झाकते. शिवाय पडद्यावर जे निळं-जांभळं जादूचं तेज दिसतं ते चार शाईंच्या छपाईत येतच नाही, मळकट पडतं. ते तेज रंगाच्या भडकपणावर अवलंबून ठेवायचं नाही, भोवतालचे रंग विझवायचे, मग साधा फिका निळाही पेटतो, हे पुन्हा कागदावरच शिकावं लागलं. आता मधला मार्ग धरलाय. रचना आणि रेखाटन पडद्यावर, मग त्याची छापील प्रत बोर्डावर चिकटवून वर पारदर्शक अॅक्रिलिकचा थर, आणि त्यावर तैलरंग. अॅक्रिलिकवर तेल चालतं, तेलावर अॅक्रिलिक चालत नाही, सोलून निघतं.

कागदावर परत येण्याचं खरं कारण मनगट. दिवसाला बारा तास पेन एकाच कोनात धरून अंगठ्याच्या मुळाशी असलेली नस, म्हणजे स्नायुबंध, सुजली. दाराची मूठ फिरवता येईना. सहा आठवडे काम बंद. त्या दिवसांत डाव्या हाताने रेखाटायचे, लहान मुलाच्या अक्षरासारखी रेघ यायची. डाव्या हाताला चलाखी येत नाही. त्याला धुकं घालता येत नाही, लपवायची हातोटीच नसते. समोर जे आहे ते कसंबसं काढतो. त्या सहा आठवड्यांतल्या वहीत मला माझे पहिले खरे पाय सापडले. वाकडे, पण जमिनीवर. फार मोठं काहीतरी घडलं असं तेव्हा वाटलं नव्हतं, चिडचिडच जास्त झाली होती. आता पन्नास मिनिटांचा गजर लावते, वाजला की उठते, उभी राहून खांद्यापासून रेघ मारते. गजराला रोज शिव्या देते आणि रोज उठते.

संध्याकाळी कुंचले. आधी चिंधीला पुसून, मग तेलात घोळवून, मग साबणाने तळहातावर फेस पांढरा येईपर्यंत, आणि बोटांनी टोक काढून आडवे ठेवायचे. बरणीत डोक्यावर उभे केलेले कुंचले आठवड्यात वाकतात. हे काम मला मनापासून आवडतं. त्यात निर्णय नसतो. त्यानंतर बिलं, मेल, ब्रीफ वाचणं. ब्रीफ मी आता तीनदा वाचते आणि प्रत्येक नामाखाली रेघ मारते. पूल असं लिहिलं असेल तर पूल.

परवा पुन्हा ती चिठ्ठी काढून बसले. फाइलच्या मागच्या खणात राखणदाराचं मूळ पेन्सिलचं रेखाटन मिळालं, कंपनीला पाठवण्याआधीचं. त्यात धुकं नाही. पूल आहे, कमान आहे, तीन दगड निखळलेत तेही आहे. आणि घोट्यांच्या जागी दोन त्रिकोण, त्यांच्याकडे जाणारा बाण आणि माझ्या अक्षरात एक शब्द : "नंतर".

छपाई झाली की चित्रकाराला त्याच कार्डाच्या थोड्या प्रती मिळतात ज्यांची पाठ कोरी पांढरी असते. आर्टिस्ट प्रूफ. त्यावर लोक लहान चित्र काढून मागतात. राखणदाराची माझ्याकडे पन्नास होती, आता तीन उरली होती. त्यांतलं एक घेतलं, उलटं केलं, आरशासमोर उभी राहिले. रात्रभर जागलेला पन्नाशीचा माणूस, म्हणजे भार उजव्या पायावर, भाल्याचा आधार, डावी टाच सैल. पादत्राणं ओली, पट्टा सुटलेला. दगडाची फट मुद्दाम दोन्ही पायांच्या मधून नेली.

डावा पाय बिघडला. घोटा खाली आला. कार्डाच्या पाठीवर खोडरबर चालत नाही, चकाकी निघून डाग पडतो. दुसरं प्रूफ घेतलं, या वेळी आधी टाच आणि मग बाकीचं. ते जमलं. खाली लिहिलं, "उभा आहे. पण भावालाही सांगा, चूक त्याची नव्हती." पाकीट बंद केलं आणि बिघडलेलं प्रूफ आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलं. आज सकाळी त्यातला घोटा पुन्हा काढून बघितला, चार वेळा.